ऑल सेंट्स, मार्गारेट स्ट्रीट : १:१०० मॉडेलच्या प्रकल्प नोंदी

८ ऑक्टोबर २०२३

काम ठरलं. लंडनमध्ये ऑक्सफर्ड स्ट्रीटच्या गजबजाटापासून हाकेच्या अंतरावर मार्गारेट स्ट्रीटवर ऑल सेंट्स नावाचं पॅरिश चर्च (म्हणजे एका वस्तीचं स्थानिक चर्च) आहे. १८५० ते १८५९ या काळात बांधलेलं, आर्किटेक्ट विल्यम बटरफील्ड. त्याचं मधोमध उघडता येईल असं मॉडेल करायचं. पुण्यात ज्या कॉलेजात मी काही वर्षं शिकवलं, तिथल्या इतिहासाच्या वर्गात ते जाईल.

आपल्याकडची मुलं मुंबईतलं गॉथिक भरपूर रेखाटतात. विद्यापीठाचा दीक्षान्त सभागृह, राजाबाई टॉवर, सीएसएमटी. पण हे सगळं मुंबईत येण्याआधी ज्या प्रश्नांवर इंग्लंडमध्ये रणं माजली होती (वीट उघडी ठेवायची की लपवायची, रंग वरून द्यायचा की भिंतीतच बांधायचा, वेदी किती दूर असावी), ते प्रश्न तिथल्या पॅरिश चर्चमध्ये सुटले किंवा चिघळले. फोटोंमध्ये ऑल सेंट्स म्हणजे नक्षीने गच्च भरलेली खोली वाटते. ती नक्षी तिथे का आली हे फोटोत कळत नाही, काटछेदात (इमारत उभी कापली तर आत जे दिसेल त्या चित्रात) कळतं. म्हणून मॉडेल.

पहिली दोन मापं वहीत लिहिली आणि तिथेच थांबले. जागा साधारण १०० फूट बाय १०० फूट. कळसाची उंची २२७ फूट. १:१०० ला काढलं तर पाया ३० सेंमीचा आणि उंची ६९ सेंमी. त्या ३० सेंमीत चर्च, पाद्र्यांचं राहतं घर, गायक मुलांची शाळा आणि अंगण, सगळं बसवायचं आहे. बटरफील्डलाही हेच बसवायचं होतं. या इमारतीतलं जे जे अजब वाटतं ते या अडचणीतून निघालंय असं मला वाटतं, आणि मॉडेलमधून हेच दिसायला हवं.

१५ ऑक्टोबर

लेझर मीटर घेऊन गेले. परवानगी आधीच मागून ठेवली होती. दुपारच्या उपासनेनंतर आत फारसं कोणी नसतं.

रस्ता दक्षिणेला. रस्त्यावरून दोन विटांच्या इमारतींमधून आत शिरायचं, मग छोटंसं अंगण, आणि अंगणाच्या टोकाला चर्चची दक्षिण बाजू. उत्तरेला आणि पूर्वेला शेजारच्या इमारती अंगाला भिडलेल्या. इंग्लंडच्या खेड्यातलं जुनं चर्च मनात आणा : चारही बाजूंनी हिरवं आवार, जुनी थडगी, पाहिजे त्या भिंतीत पाहिजे तेवढ्या खिडक्या. इथे त्यातलं काही नाही. मनासारखी खिडकी वेदीमागच्या पूर्वेच्या भिंतीत तरी असावी, ती बांधायचीही सोय नाही.

अंगणात पाऊल टाकलं की समोर एक जाड आधारभिंत वर चढत जाते, शेंड्याला टोकदार शिखर. तिच्यावर गॅब्रिएल देवदूत मरियेला सुवार्ता सांगतो तो प्रसंग कोरलेला आहे. अंगण इतकं लहान की शिखर बघायला मान पूर्ण मागे टाकावी लागते. ही भिंत मॉडेलमध्ये वेगळी कापून लावायची, भिंतीबरोबर एकाच तुकड्यात नाही. तिची सावली पडली पाहिजे.

१ नोव्हेंबर

आज ऑल सेंट्स डे, सर्व संतांचा सण. १८५० साली याच दिवशी ऑक्सफर्डचे धर्मपंडित एडवर्ड प्यूसी यांनी इथे कोनशिला बसवली. सकाळी जाऊन आले, मोजमाप केलं नाही. चर्च भरलेलं होतं, धूपाचा वास, वर सरळ चढत जाणारे सूर. इमारत वापरात असताना बघायची असते हे विद्यार्थ्यांना नेहमी सांगत आले, आज पुन्हा पटलं.

मॉडेलबरोबर जी पुस्तिका जाईल तिच्यासाठी पार्श्वभूमी लिहून काढते आहे.

१८१८ साली पार्लमेंटने नवी चर्च बांधायला दहा लाख पौंड मंजूर केले. शहरं फुगत होती आणि लोकांना बसायला जागा नव्हती. त्या पैशातून झालेल्या चर्चपैकी एक इथून पाच मिनिटांवर आहे : लँगहॅम प्लेसचं ऑल सोल्स, जॉन नॅशचं, १८२४ साली पूर्ण झालेलं. गोल खांबांची देवडी, वर सुईसारखा कळस. आत तीन बाजूंनी सज्जे, म्हणजे जास्तीत जास्त माणसांना प्रवचन ऐकू यावं. ते मोठं सभागृह आहे आणि सभागृह म्हणून उत्तम आहे.

याच्या विरोधात उभे राहिले ते केंब्रिजचे तरुण. १८३९ मध्ये त्यांनी केंब्रिज कॅम्डेन सोसायटी काढली, पुढे ती लंडनला येऊन इक्लिझिऑलॉजिकल सोसायटी झाली. १८४१ पासून त्यांचं मासिक नव्या चर्चची झाडाझडती घेत असे, आणि आर्किटेक्ट मंडळी त्या मासिकाला वचकून असत. त्यांचं म्हणणं असं : चर्चचं केंद्र वेदी, प्रवचनाचा मंच नव्हे. वेदीकडचा भाग, म्हणजे चॅन्सेल, लोक बसतात त्या नेव्हपासून स्पष्ट वेगळा आणि खोल हवा. सज्जे नकोत. पैसे भरून राखून ठेवलेले, दारं लावलेले बाक नकोत. आणि शैली सन १३०० च्या आसपासच्या इंग्लिश गॉथिकची हवी.

नियम सांगणं सोपं, पण दाटीवाटीच्या शहरात हे करून कोण दाखवणार? म्हणून सोसायटीने एक नमुना चर्च बांधायचं ठरवलं. मार्गारेट स्ट्रीटवरची जुनी प्रार्थनेची इमारत पाडून तीच जागा घेतली. सोसायटीच्या वतीने अलेक्झांडर बेरसफर्ड होप यांनी देखरेख केली. खर्च सुमारे ७०,००० पौंडांवर गेला, त्यातले ३०,००० हेन्री ट्रिटन या एकट्या बँकरचे. बेरसफर्ड होप आणि बटरफील्ड यांचं पुढे बिनसलं, मुख्यतः रंगांवरून. देखरेख करणाऱ्याला सौम्यपणा हवा होता आणि बटरफील्ड सौम्य नव्हता.

१५ नोव्हेंबर

विटांचा नमुना तुकडा करते आहे. अंगणातल्या भिंतीसमोर उभं राहून काढलेली टिपणं अशी : मूळ वीट लाल. तिच्यात काळ्या विटांचे आडवे पट्टे, कुठे नागमोडी रेषा, कुठे चौकटी. मधे मधे फिकट दगडाचे थर. काळी वीट जवळून पाहिली तर कडेला किंचित चमकते. नाकासमोर धरून बघितली तेव्हाच कळलं की हा लेप नाही, नक्षी भिंतीच्या बांधकामातच आहे.

भाऊबीज म्हणून मामांचा फोन आला. कराडला त्यांची वीटभट्टी आहे, म्हणून त्यांना विचारलं.

“मामा, भट्टीत काळी पडलेली, चमकणारी वीट निघते ना? तिचं काय करता?”

“अगं, ते खंगर. जाळाच्या तोंडाशी असते ती वीट जास्त भाजते, काचेसारखी होते. पाणी धरत नाही, त्यामुळे मसाला नीट चिकटत नाही. आम्ही पायात टाकतो, नाहीतर फोडून भर म्हणून देतो. का गं?”

“इथे ती दर्शनी भिंतीत लावतात. नक्षी म्हणून.”

“दर्शनी? मग गवंडी चांगला पाहिजे.”

मामा बरोबर बोलले. इंग्लंडमध्ये जास्त भाजलेल्या विटांची डोकी बाहेर ठेवून चौकटीची नक्षी काढायची रीत ट्यूडर काळापासून आहे, पण ती वाड्यांना आणि दरवाज्यांना. शहरातल्या महत्त्वाच्या चर्चला उघडी लाल वीट, तीही असे ठसठशीत पट्टे काढून, हे धाडस होतं. तोवर वीट म्हणजे गोदामं आणि साधी घरं. प्रतिष्ठेची इमारत असेल तर दगड, आणि दगड परवडत नसेल तर विटेवर गिलावा करून दगडाचा भास.

बटरफील्डने वीट का घेतली याचं एक कारण लंडनची हवा. कोळशाच्या धुराने दगड काही वर्षांत काळाठिक्कर पडे. नीट भाजलेली वीट टिकते, धुता येते. दुसरं, १७८४ पासून विटांवर कर होता आणि तो नेमका १८५० मध्ये उठला. आणि तिसरं मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. बटरफील्ड सोळा वर्षांचा असताना पिम्लिकोमधल्या एका बांधकाम ठेकेदाराकडे उमेदवारी करत होता. वीट त्याने कागदावर नाही, हातात पाहिली होती.

मॉडेलबद्दल निर्णय : विटेचा एक थर १:१०० ला पाऊण मिलिमीटरचा होतो. प्रत्येक वीट काढायची नाही. माउंटबोर्ड कापण्याआधीच त्यावर फक्त पट्टे आणि नागमोडी रेषा ०.१ च्या पेनने काढायच्या, लाल रंगाचा पातळ हात आधी. पट्ट्यांची जागा मात्र नेमकी हवी, कारण ते खिडकीच्या कमानी जिथून सुरू होतात त्या रेषांशी बांधलेले आहेत. सजावट म्हणून कुठेही सरकवले तर भिंत खोटी पडेल.

२६ नोव्हेंबर

नेव्हच्या कमानी. लांबी कमी, म्हणून बटरफील्डने नेव्हला कमानी तीनच ठेवल्या, पण रुंद आणि उंच. इतक्या थोड्या लांबीत पाच-सहा अरुंद कमानी कोंबल्या असत्या तर खांबांचं रान झालं असतं. तीनमुळे डोळा अडत नाही आणि जागा आहे त्याहून मोठी वाटते. काटछेद काढताना पेन्सिलीखाली हे लख्ख दिसलं.

खांब तांबूस ग्रॅनाइटचे, आरशासारखे घासलेले. ॲबर्डीनमध्ये १८३० च्या दशकात वाफेच्या यंत्रांवर ग्रॅनाइट घासायचं तंत्र बसलं. म्हणजे मध्ययुगातल्या कुठल्याही गवंड्याला असला चकचकीत खांब देता आला नसता. सोसायटी जुन्याचा आग्रह धरत होती आणि बटरफील्ड त्याच जुन्या आकारात आपल्या शतकाचं यंत्रकाम घालत होता. खांबांच्या डोक्यावर अलाबास्टरमध्ये (मऊ, पांढुरक्या दगडात) कोरलेली पानं, कमानींच्या वरच्या त्रिकोणी भागांत दगड कोरून रंगीत भर घातलेली भौमितिक नक्षी. बाहेर विटेत जे केलं तेच आत दगडात : रंग हा साहित्याचाच भाग.

कलासमीक्षक जॉन रस्किन यांनी १८५३ मध्येच, आतलं काम पूर्ण व्हायच्या आधी, या इमारतीची मोकळेपणाने स्तुती केली. इटलीतल्या पट्टेदार भिंती त्यांनी इंग्रजांना दाखवल्या होत्या, त्यामुळे त्यांना हे आवडणं साहजिक होतं.

खांबांसाठी ॲक्रिलिकच्या दांड्या आणल्या, तांबूस रंग दिला आणि वरून वार्निश. बारीक पॉलिश पेपरने दोनदा घासल्यावर हवी तशी चमक आली. कमानीवरची नक्षी मोजक्या रेषांत. भरगच्चपणा दिसायला पुरेशा आहेत.

१० डिसेंबर

उत्तरेची भिंत. या भिंतीपाशी मी सगळ्यात जास्त वेळ घालवला आणि अजूनही घालवेन.

पलीकडे शेजारची इमारत, म्हणून आइलच्या (नेव्हच्या कडेचा, कमानींपलीकडचा भाग) उंचीला खिडकी नाही. उजेड येतो तो फक्त वरच्या रांगेतल्या खिडक्यांतून, आणि समोरच्या दक्षिण बाजूने. एवढी लांब आंधळी भिंत कोणालाही नको असते. १८७३ मध्ये इथले पहिले व्हिकर, म्हणजे मुख्य पाद्री, अपटन रिचर्ड्स वारले. त्यांच्या स्मरणार्थ बटरफील्डने ही भिंत चित्रांकित टाइल्सनी मढवली. चित्रं अलेक्झांडर गिब्जने काढली, टाइल्स हेन्री पूल अँड सन्सने भाजल्या. मधोमध येशूजन्माचा प्रसंग, दोन्ही बाजूंना ओळीने उभी माणसं : जुन्या करारातले पूर्वज आणि संदेष्टे, सुरुवातीच्या ख्रिस्ती संघाचे गुरुजन.

आज एका आकृतीसमोर बराच वेळ थांबले. दुरून वाटतं की हे एक सलग चित्र आहे. जवळ गेलं की टाइलचे सांधे दिसतात, आणि कळतं की चेहरा कधी सांध्यावर कापलेला नाही. झग्याच्या घड्या सांध्यांवरून खुशाल जातात, हात जातात, चेहरे जात नाहीत. रेषा जाड आणि काळी, रंग चापट. रंगकाचेच्या खिडकीत शिसपट्टीची जशी रेषा असते, तशी. गिब्ज रंगकाचेचाच माणूस होता. म्हणजे जिथे खिडकी शक्य नव्हती तिथे खिडकी बनवणाऱ्याच्या हातून भिंत रंगवून घेतली. फरक इतकाच की खिडकीतून उजेड आत येतो आणि ही भिंत समोरून आलेला उजेड परत फेकते. चकाकी असलेल्या टाइल्सवर दुपारी दक्षिणेचा उजेड पडला की चित्रं उठून येतात. भित्तिचित्र असतं तर या हवेत टिकलंही नसतं. त्याचा पुरावा पूर्वेच्या भिंतीवर आहे, त्याबद्दल पुढे.

तिथे सेवा करणाऱ्या एक वयस्कर बाई माझ्याजवळ आल्या. म्हणाल्या, “तुम्ही नेहमी याच भिंतीशी असता.” मी म्हटलं, मॉडेलमध्ये ही कशी करावी याचा विचार करते आहे. त्या म्हणाल्या, “मेणबत्त्यांच्या आणि धूपाच्या काजळीने हे सगळं किती काळवंडलं होतं तुम्हाला कल्पना नाही. सफाई झाल्यावर मला वाटलं, मी इतकी वर्षं दुसऱ्याच चर्चमध्ये येत होते.”

मॉडेलमध्ये : फोटो छापून चिकटवायचा नाही. आकृत्यांच्या उभ्या पट्ट्या आणि मधला प्रसंग रंगाच्या ठिपक्यांनी, वरून चमकदार वार्निशचे दोन हात. ही भिंत परावर्तन करते हे मुलांना टॉर्च मारल्यावर दिसलं पाहिजे.

३ जानेवारी २०२४, मुंबई

सुट्टीत घरी. मुद्दाम कुलाब्याच्या अफगाण चर्चला गेले, कारण बटरफील्डचा हात तिथपर्यंत पोचला होता. पहिल्या अफगाण युद्धात मेलेल्यांच्या स्मरणार्थ बांधलेलं हे सेंट जॉन द इव्हँजेलिस्ट. इमारत हेन्री कॉनिबेअरची. मुंबईला विहार तलावाचं पाणी आणणारा हाच तो इंजिनियर. चर्च १८५८ मध्ये पवित्र करण्यात आलं, म्हणजे ऑल सेंट्सच्या एक वर्ष आधी, आणि कळस १८६५ पर्यंत पुरा झाला. वेदीमागचा पडदा, जाळी आणि फरशीच्या टाइल्स यांची आखणी बटरफील्डची. तो स्वतः इकडे कधी आला नाही.

तिथे गेल्यावर जागेचा मुद्दा उलट बाजूने दिसला. चर्च मोकळ्या आवारात एकटं उभं, चारही बाजूंनी समुद्राचा उजेड. तिथे कोणती भिंत आंधळी ठेवायची गरज पडली नाही, त्यामुळे बटरफील्डचा रंग फरशीवर आणि वेदीभोवती राहिला, भिंतींवर चढला नाही. बाहेरचा दगड स्थानिक. फरशीवर उभं राहून मार्गारेट स्ट्रीटची फरशी आठवली. तोच मोजका लाल, काळा, पांढुरका, तोच कोन.

फरशीचे फोटो घेतले. पुस्तिकेत दोन्ही फरश्या शेजारी छापायच्या. पुण्याच्या मुलांना डेक्कन क्वीनने जाऊन बटरफील्ड पायाखाली पाहता येतो, हे त्यांना कोणी सांगितलेलं नसतं.

२१ जानेवारी

कोणत्या सालचं चर्च दाखवायचं, हा प्रश्न टाळता येईना.

पूर्वेच्या भिंतीला खिडकी नाही म्हणून तिथे चित्रांची रांगांवर रांग. मूळ भित्तिचित्रं विल्यम डाइसची, १८५० च्या दशकातली. लंडनच्या धुराने आणि दमटपणाने ती खराब होत गेली. १९०९ मध्ये निनियन कॉम्परने तीच रचना लाकडी फलकांवर रंगवून मूळ चित्रांसमोर बसवली. आज दिसतं ते कॉम्परचं काम. पश्चिमेची मोठी खिडकी पहिल्यांदा फ्रान्सच्या आल्फ्रेद जेरांतने केली होती. ती काढून १८७७ मध्ये गिब्जची बसवली, वेल्स कॅथीड्रलच्या इशायाच्या (दावीद राजाच्या वडिलांच्या) वंशवृक्षाच्या खिडकीवर बेतलेली. उत्तरेची भिंत १८७३ ची. म्हणजे १८५९ मध्ये पवित्र झालेलं चर्च आणि आजचं चर्च यांत बराच फरक आहे.

बराच विचार करून ठरवलं : मूळ मॉडेल १८५९ चं. त्यावर १८७३ ची भिंत, १८७७ ची खिडकी आणि १९०९ चे फलक वेगवेगळ्या खाचांमध्ये सरकवून बसवता येतील. मुलांनी स्वतः थर चढवावेत आणि काढावेत. १८५९ च्या अवस्थेत उत्तरेची भिंत साधी दिसते तेव्हा ती किती जड वाटते हे बघितल्यावर बटरफील्डने चौदा वर्षांनी तिथे परत हात का घातला असेल ते न सांगता कळेल.

खाचांसाठी एक मिलिमीटरचं ग्रेबोर्ड. भिंत दुहेरी झाली, वजन वाढलं, चालेल.

११ फेब्रुवारी

कळस. नैर्ऋत्य कोपऱ्यात मनोरा, त्याच्या तळाशी बाप्तिस्म्याची जागा. तिथल्या छतावर पेलिकन पक्षी आपल्या रक्ताने पिल्लांना जगवतो ते ख्रिस्ती प्रतीक आहे. मॉडेलमध्ये ते छत खालून दिसणार नाही, म्हणून पुस्तिकेत वेगळं रेखाटन.

चौकोनी मनोऱ्यावर अष्टकोनी कळस बसवताना चार कोपरे उघडे पडतात. ते उतरत्या तुकड्यांनी झाकायची इंग्लिश रीत बटरफील्डने ठेवली, पण उंचीचं प्रमाण उत्तर जर्मनीतल्या, ल्यूबेकच्या विटांच्या चर्चची आठवण करून देणारं. कळसावर स्लेटच्या फरश्या आणि शिशाचे पट्टे. २२७ फूट म्हणजे वेस्टमिन्स्टर ॲबीच्या पश्चिम मनोऱ्यांपेक्षाही जरासा जास्त. एका पॅरिश चर्चसाठी, आणि तेही रस्त्यावरून मागे दडलेल्या! पण दडलेलं आहे म्हणूनच. दर्शनी बाजू रस्त्याला नाही, तेव्हा छपरांच्या वरूनच हाक मारायची.

मॉडेलची अडचण वजनाची. मॉडेल पूर्व-पश्चिम अक्षावर उभं कापून, मागे बिजागरी लावून पुस्तकासारखं उघडणार आहे. मनोरा दक्षिणेच्या अर्ध्यात, त्यामुळे तो अर्धा भाग उघडला की बाहेर कलतो. कळस आतून पोकळ केला, आठ फाकी जाड कागदाच्या, आत फोमची चौकट. तळाला पूर्वेच्या टोकाशी लोखंडी पट्टी चिकटवली. आता उघडं ठेवलं तरी स्थिर राहतं.

२५ फेब्रुवारी

तुलनेसाठी पिम्लिकोचं सेंट जेम्स द लेस पाहून आले. आर्किटेक्ट जॉर्ज एडमंड स्ट्रीटचं, १८५९ ते १८६१. ग्लॉस्टरच्या बिशप मंक यांच्या तीन मुलींनी वडिलांच्या स्मरणार्थ बांधवलं. इथेही लाल-काळी वीट, पण मनोरा मुख्य इमारतीपासून सुटा काढलेला, इटालियन पद्धतीने. चॅन्सेलच्या कमानीवर जी. एफ. वॉट्सचं चित्र. ऑल सेंट्सच्या पुढच्या पिढीचं काम लगेच ओळखू येतं : जे बटरफील्डला भांडून मिळवावं लागलं ते स्ट्रीटला आयतं मिळालं होतं, त्यामुळे तो जास्त सैल, जास्त प्रसन्न आहे. मला स्ट्रीट आवडतो. पण ऑल सेंट्समधला ताण त्यात नाही.

बाहेरचं लोखंडी कुंपण मात्र कुणीही चुकवू नये. प्रत्येक पान हाताने ठोकलेलं.

१७ मार्च

अंगण आणि पुढच्या दोन इमारती जोडल्या. एकीत पाद्र्यांचं घर, दुसरीत गायक मुलांची शाळा. शाळा १९६८ मध्ये बंद झाली. अभिनेता लॉरेन्स ऑलिव्हिए लहानपणी इथलाच गायक विद्यार्थी होता. या दोन्ही इमारतींना बटरफील्डने घरगुती मापाच्या खिडक्या दिल्या, जिन्याच्या जागी जिन्याप्रमाणे, खोलीच्या जागी खोलीप्रमाणे, समोरासमोर जुळवत न बसता. अशा लहान खिडक्यांमधून पलीकडे चर्चच्या मोठ्या खिडकीवर नजर गेली की तिची उंची दुप्पट वाटते.

आज उजेडाची तपासणी. खोलीत अंधार केला, दक्षिणेकडून दिवा. लंडनला डिसेंबरच्या मध्यान्ही सूर्य क्षितिजापासून जेमतेम १५ अंश वर असतो, मार्चच्या विषुवदिनी ३८ च्या आसपास. दिवा १५ अंशांवर धरला तेव्हा पुढच्या इमारतींनी अंगण पूर्ण झाकलं, फक्त वरच्या रांगेतल्या खिडक्यांतून आडवा पट्टा उत्तरेच्या भिंतीच्या वरच्या भागावर पडला. ३८ ला नेला तेव्हा दक्षिणेचा आइल उजळला आणि टाइल्सनी तो उजेड परत नेव्हमध्ये टाकला. वार्निशचे दोन हात सार्थकी लागले. मग १८७३ चा फलक काढून १८५९ ची साधी भिंत ठेवली. नेव्ह लगेच मंदावला. दोन्हींचे फोटो काढले, एकाच कॅमेऱ्याने, तेच सेटिंग ठेवून.

चॅन्सेलमध्ये काय होतं तेही पाहिलं. पूर्वेला खिडकी नाही, त्यामुळे वेदीवर थेट उजेड कधीच येत नाही, येतो तो बाजूने. म्हणून सोनेरी पार्श्वभूमीची चित्रं तिथे काम करतात. आडव्या, थोड्या उजेडात सोनं दिसतं, निळा-हिरवा बुडतो. नेव्ह आणि चॅन्सेल यांच्यामध्ये उंच जाळी न घालता बटरफील्डने संगमरवराची बुटकी भिंत घातली, म्हणून मागच्या बाकावरूनही वेदी दिसते. वेगळेपणा राखला आणि दाटीही टाळली.

७ एप्रिल

पाट्या मराठीत लिहून झाल्या. मोठी नावं जशी आहेत तशी देवनागरीत, बाकी सरळ भाषेत : “वेदीकडचा भाग”, “वरच्या रांगेतल्या खिडक्या”. पाट्यांवर साल मोठ्या अक्षरात, नाव त्याखाली.

पुण्याला मॉडेल दोन खोक्यांत जाईल. कळस सुटा निघतो, तो वेगळ्या खोक्यात आडवा. सरकते फलक लिफाफ्यांत, प्रत्येकावर साल. बिजागरीचे स्क्रू आणि एक जास्तीची जोडी वेगळ्या डबीत. मामांनी कुरिअरने खंगराचा एक तुकडा कॉलेजच्या पत्त्यावर पाठवलाय. तो मॉडेलशेजारी ठेवायला सांगितलंय.

वर्गासाठी पहिलं काम लिहून दिलं : मॉडेल बंद ठेवून फक्त दक्षिण बाजू बघा आणि आतला काटछेद अंदाजाने काढा. मग उघडा आणि आपला काटछेद शेजारी ठेवा. दुसरं काम : याच ३० सेंमीच्या चौकोनात, उत्तर आणि पूर्व बाजू बंद धरून, आपल्या पेठेतलं कोणतंही सार्वजनिक काम बसवा. वाचनालय, दवाखाना, काहीही. उजेड कुठून आणणार ते आधी काढायचं, दर्शनी बाजू नंतर.